कोपरा फाटलेलं कार्ड

माझे आजोबा दोनदा वारले. त्यातल्या पहिल्या खेपेला चूक माझी होती.

दुसऱ्या खेपेला ते रीतसर वारले, म्हातारपणाने, अंथरुणात, आणि त्यात कुणाचा काही दोष नव्हता. पण आमच्या नात्यागोत्यात आबांचा विषय निघाला की आजही पहिल्या मरणाचीच गोष्ट निघते आणि सगळ्या माना माझ्याकडे वळतात. मी साठी ओलांडलेली बाई आहे, मला नातवंडं आहेत. माना वळवणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही.

आम्ही तेव्हा अनसिंगला राहत होतो. वाशीमचा जिल्हा व्हायला अजून खूप वर्षं होती, आमचा जिल्हा अकोला. बाबा रस्त्याच्या कामावर होते. खडी पसरायची, डांबर ओतायचं आणि संध्याकाळी पायाचे तळवे रॉकेलने पुसत बसायचं. माय रोजानं निंदणाला जायची, हंगामात कापूस वेचायला. मी चौथीत. आणि मायचे वडील, म्हणजे आबा, तिकडे इंझोरीला एकटेच राहत.

मायला अक्षरओळख नव्हती. ही गोष्ट तिला चुलीतल्या धुरासारखी रोज डोळ्यात झोंबायची. आबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते डोक्यात एकच घेऊन आले, की आता शिकायचं. आणि चाळिशी उलटलेला हा माणूस पोरांच्या पंगतीत मांडी घालून बाराखडी शिकला. पण त्याआधीच मायचं लग्न होऊन ती अनसिंगला आली होती. बाप शिकला आणि लेक राहून गेली. त्याची त्या दोघांना जी रुखरुख होती, ती सगळी व्याजासकट माझ्या डोक्यावर येऊन पडली.

मायचा नियम असा, की घरात आलेला छापील कागद माझ्याकडून वाचून झाल्याशिवाय टाकायचा नाही. वाण्याकडून हळद आली की हळद डब्यात, पुडी माझ्या हातात. साखरेच्या पोत्यावरची अक्षरं मी वाचली. खताच्या पोत्यावरची वाचली. रॉकेलच्या पिंपावरची वाचली. पुडीचा कागद म्हणजे कुठल्यातरी जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. त्यात बातमी ऐन रंगात आली की कागद संपायचा. "मंग पुढं काय झालं?" माय विचारायची. मला काय माहीत? पण माहीत नाही म्हटलं तर ती मला उरलेला कागद मागायला वाण्याकडे पिटाळायची. (वाणी उरलेल्या कागदात दुसऱ्या कुणाला तरी गूळ बांधून मोकळा झालेला असायचा.) म्हणून मी पुढचं मनानेच सांगायला लागले. माझ्या बातम्यांत चोर नेहमी सापडायचा आणि मायला बरं वाटायचं. तिथूनच माझी सवय बिघडली.

मग आबांनी मंगरुळच्या बाजारातून मला एक गोष्टींचं पुस्तक आणून दिलं. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं गेलेली, पण जाड चांगलं चार बोटं. मायला ते पाहूनच समाधान झालं. मी रोज किती वाचलं हे आपल्याला कसं कळणार, याची युक्तीही तिनेच काढली. लाल रिबिनीचा एक तुकडा पानांत घालायचा, निशाणी म्हणून. संध्याकाळी वेचणीहून आली की हातपाय धुऊन ती पुस्तक आडवं धरायची आणि निशाणी कालपेक्षा किती पुढे सरकली ते बोटाच्या पेरावर मापायची. सरकली असली की काही न बोलता भाकरी थापायला बसायची. त्या दिवशी माझ्या भाकरीला तेलाची धार जरा जास्त असे.

पंधराव्या पानापर्यंत मी खरंच वाचलं. पंधराव्या पानावर राजपुत्र एका विहिरीत उतरला आणि मला शोध लागला, की निशाणी न वाचताही सरकते. त्यानंतर राजपुत्र विहिरीतच राहिला. निशाणी मात्र दिवाळीपर्यंत पुस्तकाच्या मध्यावर पोचली होती.

आता हे उघडकीला आलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला हवं. आमच्या समोर सोनाबुढी राहायची. सगळ्या गल्लीच्या चुली तिला विचारून पेटत. तिचं मत असं, की दहा वर्षांच्या पोरीचे हात कापसाच्या बोंडाला बरोबर पुरतात, तिला घरात बसवून ठेवणं म्हणजे हात वाया घालवणं. हे ती दर चार दिवसांनी मायला ऐकवी. आणि माय चारचौघींत एकच उत्तर देई, "माही पोरगी वाचते, मावशी." बस, एवढंच. यावर माझी शाळा, माझी सावलीतली दुपार, सगळं उभं होतं. पोरगी वाचत नाही हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या कमरेला कापसाची झोळी बांधली गेली असती आणि माय गल्लीत तोंडावर पडली असती. मला यातल्या दुसऱ्या गोष्टीचंही वाईट वाटत होतं, पण पहिल्या गोष्टीचं जास्त.

झालं ते एका सोमवारी. माय-बाबा भल्या सकाळी कामावर गेले. मी शाळेची तयारी करत होते, तर एका वेणीची रिबीन सापडेना. शाळेत बाई दारातच वेण्या बघत. एक वेणी मोकळी दिसली की हातावर छडी. मी पुस्तकातली लाल निशाणी ओढली आणि वेणीला बांधली. तेवढ्यात पोस्टमनने खिडकीतून एक कार्ड आत टाकलं. फिकट हिरवी शाई, म्हणजे इंझोरीचं, आबांचं. बदली होऊन गेलेल्या एका मास्तराने जाताना त्यांना हिरव्या शाईची दौत दिली होती. आबांनी तीत पाणी घालघालून ती इतकी वर्षं पुरवली, की आता अक्षरं वरणाच्या पाण्याइतकीच गडद राहिली होती.

कार्ड मी वाचलं नाही. शाळेची घंटा झाली होती आणि आबांचं अक्षर लावायला वेळ लागे. पण निशाणीशिवाय पुस्तक संध्याकाळी मायच्या हातात गेलं असतं तर पंचाईत होती, आणि पोस्टकार्डाचा कागद कसा छान ताठ असतो! मी हाताला आला तो कोपरा फाडला, पुस्तकात घातला (दोन दिवसांची बेगमी म्हणून जरा पुढेच घातला) आणि उरलेलं कार्ड, म्हणजे आबांचं सगळं म्हणणं, खिडकीत ठेवून पळाले.

ज्यांना ती रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी मरणाची खबर कार्डावर आली तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नसत. मोठ्या माणसाने बाहेर उभं राहून वाचायचं आणि फाडून टाकायचं. लेकराबाळांच्या हाती द्यायचं नाही. दीक्षा घेतल्यावर आम्ही जुन्या कितीतरी रीती सोडल्या होत्या. ही एक मात्र कुणाच्या ध्यानातच आली नाही, म्हणून राहून गेली होती. मला ती माहीत होती का? होती. कोपरा फाडताना आठवली का? नाही. माझ्या समजुतीने मी कार्ड फाडत नव्हते, निशाणी तयार करत होते.

संध्याकाळी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच रडणं ऐकू आलं. आमच्याच घरातून. माय ओट्यावर बसून छाती पिटत होती, भोवती चार-सहा बाया, आणि सोनाबुढी तिला धरून बसली होती. वेचणीहून आल्यावर मायने खिडकीत कार्ड पाहिलं होतं. हिरवी शाई पाहिली, कोपरा पाहिला, आणि खालीच बसली. बेबी (म्हणजे मी) येईल, ती वाचेल, असं ती म्हणाली होती म्हणे. त्यावर सोनाबुढीने तिला दटावलं, "असं कार्ड लेकराले वाचाले लावतं का? अन वाचाले रायलंच काय त्याच्यात?" आणि कार्डाचे चार तुकडे करून समोरच्या नालीत टाकले. नालीला पाणी होतं, तुकडे वाहून गेले.

आबा गेले हे ऐकलं आणि मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडले. आबांवर माझा फार जीव होता, यात काही खोटं नाही. मी ते कार्ड सकाळी हातात धरलं होतं, त्याला चारही कोपरे होते, त्यातला एक मीच पुस्तकात घातला, यातलं काहीही मला आठवलं नाही. दु:खात माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात. माझं तर सुखातही फारसं चालत नसे.

बाबा आले. त्यांनी विचारलं की कार्डात नेमकं काय लिहिलंय. ते कुणालाच माहीत नव्हतं.

"लिहिलं कोनं?" बाबा म्हणाले.

"हिरवी शाई व्हती," माय म्हणाली.

"हिरव्या शाईनं तं थे सोताच लिहितेत."

 मेलेल्या माणसाने स्वतःच्या मरणाचं कार्ड स्वतःच्या शाईने लिहिलं, एवढी मोठी गोष्ट अगदी हातातोंडाशी आली होती. पण सोनाबुढी काही कच्ची नव्हती. "दौत का मान्सासंगं जाते?" ती म्हणाली. "दौत घरातच असन. शेजारच्यानं लिहिलं." हे सगळ्यांना पटलं. बाबांनाही पटलं.

त्या दिवशी आता गाडी नव्हती. मंगळवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही तिघं निघालो. माती तर झालीच असणार, पण निदान जाऊन उभं तरी राहावं. मायने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. निघताना तिने माझं पुस्तक पिशवीत टाकलं. "आबाले तुहं वाचन लय आवडे," ती म्हणाली. "तिथी बसून चार पानं वाचजो, त्यायच्या नावानं."  इतके दिवस खोटी सरकवलेली निशाणी आणि त्यावर आबांचं नाव.

वाशीमला गाडी बदलली. खिडकीशी बसून मी पुस्तक उघडलं, म्हटलं निदान आज तरी खरं वाचू. तर मांडीवर एक पिवळट तुकडा पडला. तिकोनी. त्याच्यावर फिकट हिरवी दीड ओळ.

मी त्या तुकड्याकडे बघत राहिले. मग मला हळूहळू सगळं दिसायला लागलं. आधी आनंद झाला, हे मी मुद्दाम नमूद करते. आबा जिवंत असतील! त्याच्या मागोमाग बाबांचा हात दिसला, डांबराने काळा पडलेला, खडी उचलून उचलून घट्ट झालेला. मग मी स्वतःची समजूत घालायला लागले, की कोण जाणे, एक कोपरा मी फाडला असेल पण दुसरा आधीच फाटलेला असेल; मी कुठं नीट पाहिलं होतं? आबा गेलेच असतील तर आता उगीच मध्ये बोलून मायचं दु:ख कशाला वाढवा? असा सगळ्या बाजूंनी विचार करून मी तो तुकडा तोंडात टाकला आणि चावून गिळला. पोस्टकार्डाला चव नसते. शाईला किंचित असते.

मंगरुळच्या स्टँडवर बाबांनी चहा घेतला, मायने घेतला नाही. ती कँटीनकडे पाठ करून, तोंडावर पदर घेऊन रडत बसली. मग दुसरी गाडी, आणि उन्हं डोक्यावर आली तेव्हा इंझोरी.

आबांच्या दाराला कुलूप होतं.

ते कुलूप पाहिलं आणि मायने फाटकातूनच टाहो फोडला. तो ऐकून शेजारची यमुनामामी पिठाच्या हातांनी बाहेर आली. आम्हा तिघांना तिने पाहिलं, मायची दशा पाहिली, आणि तिनेही गळा काढला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. यमुनामामी म्हणत होती की कालपर्यंत कसा चांगला हिंडता-फिरता माणूस होता. माय म्हणत होती की मला शेवटचं तोंडही दिसलं नाही. आजूबाजूच्या चार बाया आल्या, त्याही रडायला बसल्या. सगळं कसं जुळून आलं होतं. माझ्या मनातली शेवटची आशा तिथं संपली. दुसरा कोपरा आधीच फाटलेला होता, अशी माझी खात्री झाली, आणि मीही त्यांच्यात जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने बाबांनी घसा साफ करून विचारलं, "माती कुठी देल्ली, मामी?"

यमुनामामीने डोळे पुसले. "हे तं तुमी सांगाले पायजे ना."

"आमी?"

"तुमच्याकडच गेले व्हते ना थे. आज सकाळी. म्याच दोन भाकरी बांधून देल्ल्या." मग तिने परत पदर डोळ्यांना लावला. "रस्त्यानंच झालं का मंग?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मायने बाबांकडे. यमुनामामीला आम्ही सांगतोय ते कळेना, आम्हाला तिचं. शेवटी एकेक गोष्ट सुटी करून मांडावी लागली. आबा कालपर्यंत धडधाकट होते. आठवड्यापूर्वी त्यांनी लेकीला कार्ड टाकलं होतं, की मंगळवारी येतो, पंधरा दिवस राहीन. आणि आज सकाळच्या गाडीने, धुतलेलं धोतर नेसून, ते आमच्याकडे गेले. आम्ही दारात उभे राहून रडायला लागलो तेव्हा यमुनामामीला वाटलं, वाटेतच काही विपरीत घडलं आणि लेक खबर घेऊन आली.

 मग माय एका दमात तांब्याभर पाणी प्यायली. "भाकर हाये का वं थोडी?" तिने यमुनामामीला विचारलं. तिथं आम्ही तिघांनी भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली, आणि परत गाडीला उभे राहिलो. मायचा चेहरा इतका उजळला होता, की त्या वेळी सांगून टाकावं असं मला वाटलं. पण बाबा सारखं एकच घोकत होते, "पन कोपरा फाडला कोनं?" म्हणून मी गप्प बसले.

इकडे अनसिंगला दुपारी जे झालं ते सोनाबुढीने आणि आबांनी नंतर आपापल्या परीने सांगितलं, पण बोलणं दोघांचं सारखंच होतं. आबा आले तर दाराला कुलूप. समोर सोनाबुढी तूर पाखडत बसलेली. आबा तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"राम... जयभीम, सोनाबाई," असं म्हणून (जुनी सवय मध्येच तोंडात येई) त्यांनी मायचं नाव घेऊन विचारलं, "कांता कुठी गेली?"

सोनाबुढीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "तुमच्या मातीले," ती म्हणाली.

"कोनाच्या?"

"तुमच्या."

आबा ओट्यावर टेकले. उन्हातून आलेले, घामाघूम. "कवा गेलो मी?" त्यांनी विचारलं.

"काल कार्ड आलं."

"कार्ड तं म्याच टाकलं व्हतं. पानी दे वं थोडं."

सोनाबुढीने पाणी दिलं, पण हातात नाही. तांब्या मध्ये ठेवला आणि आपण चार पावलं मागे सरकली. आबा पाणी प्यायले, ते खाली सांडलं नाही, पोटातच गेलं, हे पाहिल्यावर तिची खात्री पटली. मग ती जवळ येऊन बसली आणि काल कोण किती रडलं ते त्यांना सविस्तर सांगितलं. आबांनी ते लक्ष देऊन ऐकलं. दुपारी आसेगावहून बाबांची बहीण आणि तिच्या घरची माणसं खबर ऐकून रडत आली, तेव्हा आबांनीच त्यांना सोनाबुढीची सतरंजी टाकून दिली आणि म्हणाले, "बसा, कांता येईनच संध्याकाळपर्यंत."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. माय गल्लीतून जवळजवळ पळतच गेली. आबा ओट्यावर बसलेले. तिने त्यांचा हात धरला, मनगट चाचपलं, दंड चाचपला, जसं काही बाजारात बैल तपासतात, आणि मग तिथंच त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसली.  आबा म्हणाले, "मंगरुळच्या ष्टँडावर एक बाई पाठमोरी लय रडून राह्यली व्हती. म्या मनलं, असन बिचारीचं कोनी गेलं."

"मीच व्हती थे, बा," माय म्हणाली.

इथं गोष्ट संपली असती तर मी वाचले असते. पण आबांनी सांगितलं की कार्ड आपण शाबूत टाकलं होतं. मग कोपरा फाडला कुणी? ओट्यावर वीस माणसं. विचार पोस्टमनवर येऊन थांबला. बिचारा एका पायाने लंगडणारा माणूस, उन्हातान्हात सायकल ढकलत यायचा. पण कुणी म्हणालं, तो कार्डं कशीही कोंबतो. कुणी म्हणालं, त्याला कधी दिवाळीची पोस्त दिली नाही त्याचा राग काढला. बाबा म्हणाले, जित्या माणसाला मारलं, याची वर तक्रार झालीच पाहिजे, अशाची नोकरी गेली पाहिजे. उद्या सकाळीच पोस्टात अर्ज द्यायचा.

आणि अर्ज लिहिणार कोण?

"आपली बेबी हाये ना," सोनाबुढी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला माझ्या शिक्षणाचा उपयोग दिसला होता. कुणीतरी कोरा कागद आणला, आबांनी खिशातून आपला टाक काढला, दौत काढली. मला मध्ये बसवलं. वीस माणसं माझ्या हाताकडे बघत होती आणि मायच्या तोंडावर असा अभिमान होता की मी तो आजपर्यंत विसरले नाही.

मी "मा. पोस्टमास्तर साहेब" एवढं लिहिलं. मग सोनाबुढी सांगायला लागली की लिही, तुमचा माणूस लई बदमाश आहे. मी "तुमचा माणूस" लिहिलं आणि मला त्याचा लंगडा पाय आठवला. टाक कागदावर थांबला आणि हिरवा डाग पसरायला लागला.

"लिही ना वं," बाबा म्हणाले.

"म्या फाडला," मी म्हटलं.

बाबांचा हात उठलाच होता, आबांनी तो वरच्या वर धरला. मायने फक्त विचारलं, "काहून?"

"निशानीले."

माय उठली. घरातून पुस्तकाची पिशवी आणली, पुस्तक काढलं, सवयीने आडवं धरलं. निशाणी नव्हती. "कुठी हाये?"

"खाल्ली."

दोन-तीन जण हसले. माय हसली नाही. तिने पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, जिथं निशाणी होती त्याच्या मागलं सांग. काय झालं आतापर्यंत? मी म्हटलं, राजपुत्र विहिरीत उतरला. मंग? मंग काही नाही. माय पानं चाळत होती, एक, दोन, दहा, वीस. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पंधरावं पान किती अलीकडे आहे ते मात्र दिसत होतं. तिला सगळं समजलं. मार बसला असता तर बरं झालं असतं. ती नुसती त्या पुस्तकाकडे बघत राहिली आणि मला पहिल्यांदा लाज वाटली. भीती नाही, लाज. तिने मला कामाला न धाडता चार वर्षं लोकांची बोलणी खाल्ली होती आणि मी तिला बोटाच्या पेरावर फसवलं होतं.

सोनाबुढी काहीतरी बोलणार होती. आबांनी तिला हाताने थांबवलं.

"पोरीचं चुकलं," ते म्हणाले. "पन कांते, थे कार्ड तुह्या हातात व्हतं. तुले वाचता आलं असतं, तं कोपरा कोनंही फाडो, काय फरक पडत व्हता?" मग त्यांचा आवाज उतरला. "थे पाप माहं हाये. मी शिकलो अन तुले नाई शिकोलं."

 माय आदल्या दिवसापासून इतकी रडली होती, पण आत्ता तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी वेगळं होतं. तिने अर्जाचा कागद माझ्यासमोरून उचलला, उलटा केला, आणि कोरी बाजू वर करून आबांच्या पुढ्यात ठेवला.

"आता शिकवा," ती म्हणाली.

आबा पंधरा दिवस राहिले. रोज संध्याकाळी वेचणीहून आल्यावर माय पाटी घेऊन बसायची. कापसाच्या बोंडांनी बोटं चिरलेली, पेन्सिल धरली की दुखायची. "अ" तिला आला तो वाकडा आला आणि शेवटपर्यंत वाकडाच राहिला. आबा इंझोरीला परतल्यावर तिची मास्तरीण मी. ही माझी शिक्षा होती, पण मी जीव लावून शिकवलं, कारण मला काहीतरी भरून काढायचं होतं. तिला फसवता येत नव्हतं. मी एक ओळ गाळली की ती म्हणे, "इथी काहीतरी हाये, थे नाई वाचलं तुनं." उन्हाळ्यात ती पुड्यांचे कागद वाचायला लागली. चोर दर वेळी सापडत नाही, हे तिला तेव्हाच कळलं. 

आबा मात्र त्यानंतरच्या प्रत्येक कार्डात अगदी वर, पत्ता लिहायच्याही आधी, "मी जिवंत आहे" असं लिहीत. इंझोरीच्या पोस्टात त्याची थट्टा चाले म्हणतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एके दिवशी सोनाबुढी तिच्या मुलाचं पत्र घेऊन आमच्या ओट्यावर आली. मी पुढे होऊन हात केला. सोनाबुढी मला ओलांडून आत गेली आणि पत्र मायच्या हातात दिलं. माय भिंतीला टेकून बसली आणि एकेक अक्षर लावत, मध्येच थांबत, मुलाचं सगळं पत्र तिने वाचून दाखवलं. सोनाबुढीने दोनदा ऐकलं. मग हळूहळू गल्लीतली सगळीच पत्रं मायकडे यायला लागली.

आता आमच्या घरी एक नियम होता, की जो वाचतो त्याने विहिरीचं पाणी आणायचं नाही. माझ्यासाठी मायनेच तो केला होता. सोनाबुढी पत्र ठेवून गेली त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले, तर मायने माझ्यासमोर दोन घागरी आणून ठेवल्या आणि सोनाबुढीचं पत्र पुन्हा उघडलं.

"मी वाचून राह्यली," ती म्हणाली. "तू पानी घेऊन ये."

पुढे मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, किती पोरांना अक्षरं लावून दिली त्याचा हिशेब नाही. पण माझी पहिली विद्यार्थिनी चांगली तयार झाली, एवढं मी खात्रीने सांगू शकते, कारण लग्न होऊन सासरी जाईपर्यंत त्या दोन घागरी रोज मीच आणत होते.